मधमाशीच्या आंतड्यांतील जंतु व त्यांचें विरजण

खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील ज्या बागाईतदार बंधूंनीं कांद्याचें बीं धरण्याचा उद्योग हातीं घेतला आहे, त्यांस मधमाशीचें महत्त्व नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. कांद्याच्या गोंड्यांतील प्रत्येक बारीक फुलाचे पराग आधीं झडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून परागग्रहणास योग्य होतो. त्यामुळें एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कोणी वाहक नसेल, तर गोंडा वरून भरगच्च दिसला तरी आंत बीं धरत नाहीं. चाकणच्या बाजारांत कांदा-बटाट्याची उलाढाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कांदा व लसूण यांचें संशोधन करणारें केंद्र सरकारचें संचालनालयहि आपल्या जवळच राजगुरुनगर येथें आहे. परंतु उत्तम बियाणें, उत्तम खत आणि उत्तम पाणी या तिन्हींची जोड मिळूनहि माशी नसेल, तर बीजोत्पादकाच्या पदरीं निराशाच येते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागल्यापासून आपल्या भागांतील मोकळें शिवार आंखडलें आहे. बांधावरचीं बाभळीचीं व जांभळाचीं झाडें कमी झालीं, आणि आग्या व सातेरी माशांचीं पोळीं पूर्वीं जेथें सहज दृष्टीस पडत, तेथें आतां तीं शोधावीं लागतात. म्हणून पेट्या बाळगणें पुष्कळांस भाग पडलें आहे. पेटी आणली, राणी तरुण आहे, शिवारांत फुलोरा आहे, तरीहि माशांचें बळ वाढत नाहीं, अशी तक्रार मात्र वारंवार ऐकूं येते. मुंग्या, मेणकिडा, उन्हाळ्यांतील पाण्याची टंचाई व विषारी फवारणी हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. परंतु आणखी एक कारण असें आहे कीं, तें डोळ्यांस दिसत नाहीं आणि म्हणून ध्यानांतहि येत नाहीं. मधमाशीच्या आंतड्यांत राहून तिच्या पचनास व आरोग्यास हातभार लावणारे जे सूक्ष्म जंतु असतात, त्यांचा नाश हें तें कारण होय. हे जंतु कोणते, ते कोणतें काम करतात, माशीस ते कोठून मिळतात आणि आपल्या हातून त्यांची हानि कशी होते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमचा एक अनुभव

विषयांत शिरण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढें मांडतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मळ्यांत सातेरीच्या सहा पेट्या होत्या. पावसाळा संपतां संपतां त्यांपैकीं दोन पेट्यांतील पिलाव्यास आंबूस वास येऊं लागला आणि अळ्या पिवळट पडून मरूं लागल्या. एका औषधविक्याच्या सांगण्यावरून आम्हीं टेट्रासायक्लिनची भुकटी साखरेच्या पाकांत कालवून त्या पेट्यांस दिली. आणि “आधींच दिलेलें बरें” अशा समजुतीनें निरोगी चार पेट्यांसहि दिली. रोगी पेट्यांतील वास गेला, त्यामुळें आम्हांस समाधान वाटलें. परंतु महिना उलटण्याच्या आंत ज्या चार पेट्यांस कांहींच झालें नव्हतें, त्यांतील माशाहि विरळ होऊं लागल्या. माघांत कांद्याचे गोंडे फुलले तेव्हां सहांपैकीं दोनच पेट्या कामाच्या उरल्या होत्या, आणि त्या वर्षीं बियाचा उतारा निम्म्याच्याहि खालीं गेला.

केवळ सहा पेट्यांवरून सिद्धान्त बांधणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणून आहों. माशा अन्य कारणांनींहि गेल्या असतील. परंतु पुढें या विषयावरील शास्त्रीय शोधांची माहिती मिळाली, तेव्हां निरोगी पेट्यांस दिलेलें औषध काय करूं शकतें, हें आम्हांस प्रथमच उमगलें. तीच माहिती येथें यथामति देत आहों.

जंतु म्हणजे रोग नव्हे

जंतु म्हटले कीं रोग, अशी आपली समजूत झालेली असते. वास्तविक शेतकऱ्याच्या घरांत उपकारक जंतूंचे दाखले जागोजाग आहेत. दुधाचें दहीं होतें तें विरजणांतील जंतूंमुळें. हरभरा व भुईमूग यांच्या मुळांवरील गांठींतील जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, म्हणूनच पेरणीपूर्वीं बियाण्यास जिवाणूखत चोळतात. गाय कडबा खाते, पण कडब्यांतील काष्ठमय भाग पचवितात ते तिच्या पोटांतील जंतु. आणि वासरूं हे जंतु आईच्या चाटण्यानें व तिच्या सहवासानें मिळवितें. मधमाशीचा प्रकारहि याच जातीचा आहे, फक्त तो अधिक नाजूक आहे.

माशीच्या आंतड्याची रचना

कामकरी माशीच्या अन्नमार्गाचे ठळक असे चार भाग पडतात. पहिला भाग मधकोठा. यांत ती फुलांतील मकरंद सांठवून घरीं आणते. दुसरा भाग मधलें आंतडें. अन्नाचें पचन मुख्यत्वें येथें होतें. तिसरा भाग मागचें अरुंद आंतडें आणि चवथा भाग मलाशय. मधकोठ्यांत जंतु थोडे असतात, कारण तो वारंवार भरतो व रिता होतो. मधल्या आंतड्यांतहि ते फार नसतात, कारण त्याचें आंतील आवरण सतत गळून नवें होत असतें. जंतूंची खरी वस्ती मागच्या दोन भागांत आढळते. प्रौढ कामकरी माशीच्या आंतड्यांतील जंतूंची संख्या शंभर कोटींच्या आसपास भरते, आणि त्यांतील बहुतेक सर्व या दोन भागांतच असतात.

मुख्य जाती व त्यांचें काम

मनुष्याच्या आंतड्यांत जंतूंच्या शेंकडों जाती सांपडतात. मधमाशीच्या आंतड्यांत मात्र अवघ्या आठ-दहा जातिसमूहांनींच जवळ जवळ सगळी जागा व्यापलेली असते. त्यांतील पांच समूह जगांतील बहुतेक सर्व प्रौढ कामकरी माशांत आढळून आले आहेत. पहिल्याचें नांव स्नॉडग्रासेला व दुसऱ्याचें गिलियामेला. हीं नांवें अलीकडे, म्हणजे २०१३ च्या सुमारास दिलीं गेलीं. पहिलें नांव १९१० मध्यें मधमाशीच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिणारे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ स्नॉडग्रास यांच्या स्मरणार्थ, आणि दुसरें मधमाशीच्या जंतूंचा अनेक वर्षें अभ्यास करणाऱ्या मार्था गिलियाम या विदुषींच्या गौरवार्थ आहे. उरलेल्या तीन समूहांपैकीं दोन लॅक्टोबॅसिलस या कुळांतील, म्हणजे आपल्या दह्यांतील जंतूंच्या दूरच्या भाऊबंदांपैकीं आहेत, आणि तिसरा बिफिडोबॅक्टेरियम नांवाचा आहे.

यांची वस्ती विस्कळीत नसते; प्रत्येकाची जागा ठरलेली असते. स्नॉडग्रासेला मागच्या अरुंद आंतड्याच्या भिंतीस चिकटून अस्तरासारखा पसरतो. भिंतींतून झिरपणारा प्राणवायु तो वापरून टाकतो, त्यामुळें आंतील पोकळींत प्राणवायु उरत नाहीं आणि ज्या जंतूंस प्राणवायु सोसत नाहीं, त्यांस तेथें सुखानें राहतां येतें. त्याच्या थरावर गिलियामेला राहतो. परागकणांच्या आवरणांतील पेक्टिन नांवाचा चिकट पदार्थ फोडणें हें त्याचें एक काम. शिवाय माशीस न पचणाऱ्या व अपाय करणाऱ्या कांहीं शर्कराहि तो खाऊन टाकतो. मलाशयांत लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम यांचें राज्य असतें. परागाचा जो भाग माशीस स्वतः पचवितां येत नाहीं, तो हे जंतु आंबवून त्यापासून सौम्य आम्लें तयार करतात. हीं आम्लें माशीच्या उपयोगीं पडतात, आणि आंतड्याचें वातावरण आंबट राहिल्यानें परक्या जंतूंस तेथें शिरकाव करणें जड जातें.

या सोबत्यांचा उपयोग किती, हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं जंतुरहित माशा वाढवून त्यांची तुलना नेहमींच्या माशांशीं केली. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासांत, ज्या माशांच्या आंतड्यांत त्यांचे स्वाभाविक जंतु होते, त्यांचें वजन जंतुरहित माशांपेक्षां अधिक वाढल्याचें आढळलें. दुसऱ्या अभ्यासांवरून असेंहि दिसून आलें कीं, या जंतूंच्या सहवासानें माशीची रोगप्रतिकारक यंत्रणा जागी राहते, आणि रोगकारक जंतु पोटांत गेले तरी त्यांस ती अधिक चांगलें तोंड देऊं शकते.

जन्मतः आंतडें रिकामें

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हे जंतु माशीस कोठून मिळतात? फुलांतून मिळत असतील, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु हे मुख्य जंतु फुलांवर किंवा मातींत वस्ती करून राहणारे नव्हत; ते मधमाशांच्या व त्यांच्या नात्यांतील समूहानें राहणाऱ्या इतर माशांच्या पोटींच आढळतात. एकाकी राहणाऱ्या रानमाशा त्याच फुलांवर बसतात, तरी त्यांच्या आंतड्यांत ही मंडळी नसते. यावरून शास्त्रज्ञांचें असें अनुमान आहे कीं, या जंतूंची व समूहानें राहणाऱ्या माशांची सोबत सुमारें आठ कोटि वर्षांपूर्वींपासूनची असावी.

तर मग ते आईपासून, म्हणजे राणीपासून, अंड्यांतून येतात काय? तेंहि नव्हे. राणीच्या आंतड्यांतील जंतु कामकरी माशीच्या जंतूंहून बरेच निराळे असतात; आणि अळीच्या पोटांत कांहीं जंतु गेले, तरी ते पुढें टिकत नाहींत. अळीचें मधलें आंतडें मागच्या भागाशीं जोडलेलें नसतें, म्हणून अळी वाढत असतां मलविसर्जन करीत नाहीं. वाढ पुरी झाल्यावर ती सांचलेला सर्व मळ एकदांच टाकते व मग कोशावस्थेंत जाते. कोशावस्थेंत आंतड्याचें जुनें अस्तर टाकून दिलें जातें व नवें बनतें. परिणामीं, मेणाचें झांकण कुरतडून जी तरुण माशी बाहेर येते, तिचें आंतडें जंतूंच्या दृष्टीनें जवळ जवळ रिकामें असतें. नव्या मातीच्या भांड्यांत दूध ओतून ठेवावें, पण विरजण लावलेलें नसावें, तशीच तिची स्थिति असते.

यानंतर चार ते सहा दिवसांत मात्र त्याच माशीच्या आंतड्यांत सर्व मुख्य जंतूंची पूर्ण वस्ती झालेली आढळते. या दिवसांत ती उडून बाहेर जात नाहीं. ती पोळ्याचीं घरें साफ करते, सांठविलेला पराग खाते, थोरल्या बहिणींच्या अंगास अंग लावून वावरते आणि पुढें अळ्यांस भरविण्याच्या कामास लागते. अर्थात् विरजण तिला घरांतच लागतें, हें उघड आहे. तें नेमकें कशांतून लागतें, एवढाच प्रश्न उरतो.

२०१४ चा प्रयोग

हा प्रश्न अमेरिकेंतील पॉवेल, मोरन व त्यांचे सहकारी यांनीं एका सुबक प्रयोगानें सोडविला. त्याचा वृत्तान्त २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांनीं बाहेर येण्याच्या बेतांत असलेले कोश पोळ्यांतून हलक्या हातानें काढून स्वच्छ भांड्यांत ठेवले, म्हणजे माशांस पोळ्याचा किंवा दुसऱ्या माशांचा स्पर्शच होऊं दिला नाहीं. अशा रीतीनें बाहेर आलेल्या तरुण माशांचे गट पाडून प्रत्येक गटास निरनिराळी संगत दिली. एका गटास अळ्यांस भरविणाऱ्या दाई माशांत ठेवलें. दुसऱ्यास दाई माशांच्या मागच्या आंतड्यांतील ताजा मळ अन्नांतून दिला. तिसऱ्यास फक्त पोळें, मध व सांठविलेला पराग दिला. आणि चवथ्यास जाळीआडून दाई माशांच्या तोंडचा घांस तेवढा मिळूं दिला.

निकाल असा लागला. दाई माशांच्या सहवासांत राहिलेल्या व ताजा मळ मिळालेल्या गटांत जंतूंची नेहमींसारखी पूर्ण वस्ती झाली. केवळ पोळें व पराग मिळालेल्या गटांत लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम हे बऱ्यापैकीं आले, परंतु आंतड्याच्या भिंतीवर अस्तर करणारा स्नॉडग्रासेला व त्याचा शेजारी गिलियामेला हे नीट आले नाहींत. तोंडचा घांस तेवढा मिळालेल्या गटांत पूर्ण वस्ती झालीच नाहीं. आपणांस वाटेल कीं, मायेनें भरविलेल्या घांसांतून सगळें मिळत असेल. पण मधकोठ्यांतील घांसांत हे जंतु फारसे नसतातच, तेव्हां तो घांस ते देणार कोठून?

यावरून पुढील गोष्ट सिद्ध होते. माशीचें हें धन जन्मानें येत नाहीं, फुलांतून येत नाहीं, आणि केवळ जुन्या पोळ्यांतूनहि पुरतें येत नाहीं. तें थोरल्या, जिवंत, निरोगी दाई माशांकडून त्यांच्या सहवासांत, त्यांच्या मळाच्या सूक्ष्म अंशांतून धाकट्या बहिणींकडे जातें. मोहोळ उठून नव्या जागीं जातें तेव्हां प्रौढ माशा हें धन पोटीं घेऊनच जातात, म्हणून नव्या ठिकाणीं मेणाचा कणहि नसतां वंश निरोगी राहतो. घरांतील विरजण रोज थोडें राखून उद्यांच्या दुधास लावावें, तसा हा क्रम अखंड चालत आलेला आहे. मात्र एका गोष्टींत फरक आहे. आपल्या घरचें विरजण संपलें तर शेजारणीकडून वाटीभर आणतां येतें. पेटींतील सर्व दाई माशांचें विरजण एकदम नासलें, तर त्या पेटींत जन्मणाऱ्या पुढच्या माशांस तें कोणी द्यावयाचें?

हें विरजण नासतें कसें

जंतुनाशक औषधें, ज्यांस प्रतिजैविकें म्हणतात, तीं मित्र व शत्रु असा भेद जाणत नाहींत. मोरन यांच्याच प्रयोगशाळेंतून २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माशांस पांच दिवस टेट्रासायक्लिन पाकांतून देऊन परत पेटींत सोडलें. त्यांच्या आंतड्यांतील मुख्य जंतूंची संख्या पुष्कळच घटली. औषध न दिलेल्या माशांच्या मानानें त्यांतील जिवंत राहिलेल्या माशा कमी भरल्या. आणि रोगकारक जंतूंस त्या अधिक सहज बळी पडल्या. आमच्या त्या चार निरोगी पेट्यांचें काय झालें असावें, याचा उलगडा आम्हांस येथें झाला.

याची दुसरीहि बाजू आहे. अमेरिकेंत मधपाळांनीं हें औषध अनेक दशकें वापरलें. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, तेथील माशांच्या आंतड्यांतील जंतूंत त्या औषधास दाद न देण्याची शक्ति पसरलेली आहे, आणि ज्या देशांत हें औषध पेट्यांस देत नाहींत, तेथील माशांत ती फारशी नाहीं. म्हणजे वारंवार औषध देण्यानें औषधच बोथट होतें. औषधाचा अंश मधांत उतरतो, तो वेगळाच. २०१० मध्यें युरोपीय संघानें भारतीय मधाची आयात थांबविली होती, तिच्या कारणांत प्रतिजैविकांचे अंश हें एक कारण होतें.

या ठिकाणीं गैरसमज होऊं नये. ज्या पिंपरींत १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन देशास पेनिसिलिन मिळूं लागलें, तेथील आपण रहिवासी आहों. या औषधांनीं किती माणसांचे प्राण वांचले, हें आपणांस इतरांहून अधिक ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अमोल वस्तु उधळूं नये. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचें मिश्रण फवारण्याचा प्रघात आपल्या प्रांतांत पडला. शेतींतील हा वापर थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनें २०२१ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केला, त्यामागेंहि औषधें बोथट होऊं नयेत हाच हेतु होता. फुलोऱ्यावर असलेल्या बागेंत असें औषध फवारलें, तर तें मकरंदाबरोबर माशीच्या पोटीं जाऊं शकतें, हें बागाईतदारांनीं ध्यानांत ठेवावें.

तणनाशकांची गोष्टहि विचार करण्यासारखी आहे. ग्लायफोसेट हें द्रव्य वनस्पतींच्या ज्या पाचकद्रव्यावर घाव घालतें, तें माशीच्या शरीरांत नसतेंच. म्हणून माशीस त्यापासून धोका नाहीं असें मानीत. परंतु तेंच पाचकद्रव्य तिच्या आंतड्यांतील अनेक जंतूंत असतें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हें द्रव्य दिलेल्या माशांतील स्नॉडग्रासेला घटला, आणि त्या माशा रोगकारक जंतूंपुढें दुबळ्या ठरल्या. माशी तडकाफडकी मरत नाहीं, म्हणून मधपाळास संशयहि येत नाहीं.

चांगलें विरजण व वाईट विरजण

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. ज्या वाटेनें उपकारक जंतु जातात, त्याच सहवासाच्या वाटेनें रोगहि जातात. १९७१ मध्यें पुण्याच्या संशोधकांनीं सातेरी माशींतील एका नव्या जंतुरोगाची नोंद ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. अळ्या कोंवळ्या वयांत पिवळट पडून मरतात व पिलाव्यास आंबूस वास येतो, असा जो युरोपीय पिलावासड म्हणून ओळखला जाणारा रोग, त्याचे जंतु दाई माशांनीं भरविलेल्या अन्नांतूनच अळीच्या पोटीं जातात. म्हणून “सहवास चांगला” एवढें म्हणून भागत नाहीं. सहवास निरोगी माशांचा हवा. मधपाळाचें कौशल्य यांतच आहे कीं, वाईट विरजण काढून टाकावें व चांगलें राखावें.

पेटी बाळगणाऱ्यांस सूचना

वरील विवेचनावरून व्यवहारांत उपयोगीं पडतील असे नियम येथें देतों.

१. निरोगी पेटीस प्रतिजैविक औषध “आधींच दिलेलें बरें” म्हणून कधींहि देऊं नये. ही चूक आम्हीं केली. ती दुसऱ्या कोणी करूं नये.

२. रोग दिसल्यास प्रथम तो कोणता, याची खात्री करून घ्यावी. १९९१ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानांत सातेरीच्या असंख्य वसाहती ज्या थैली रोगानें उद्ध्वस्त केल्या, तो विषाणूचा रोग आहे. त्यावर प्रतिजैविकाचा कांहीं एक उपयोग नाहीं, अपाय मात्र होतो. पुणें येथें खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्यें स्थापन झालेली आहे. आपणांस ती जवळ असल्यामुळें शंका येतांच तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा.

३. पिलावासड झाली असल्यास पोळें टाकावें, माशा राखाव्या. सायंकाळीं सर्व माशा स्वच्छ पेटींत, नव्या चौकटींवर झटकून घ्याव्या आणि रोगट पोळीं जाळून टाकावीं. यानें रोगी पिलावा जातो, पण प्रौढ माशांच्या आंतड्यांतील जंतु त्यांच्याबरोबर सुरक्षित राहतात. सातेरी माशी अशा वेळीं पेटी सोडून जाण्याचा फार संभव असतो. म्हणून कांहीं दिवस दारास राणी अडेल अशी जाळी लावावी व पाक द्यावा. रोगी पेटींतील पोळें किंवा हत्यार धुतल्यावांचून दुसऱ्या पेटीस लावूं नये.

४. विभाजन करतांना नव्या पेटींत नुसता पिलावा व राणी देऊन भागत नाहीं. पिलाव्याच्या चौकटींवर बसलेल्या दाई माशा भरपूर दिल्या पाहिजेत. उडत्या माशा जुन्या जागीं परत जातात, दाई माशा जात नाहींत. म्हणून आणखी एक-दोन पिलाव्याच्या चौकटींवरील माशा नव्या पेटींत झटकाव्या.

५. अशक्त झालेल्या पेटीस बळ द्यावयाचें असल्यास, आपल्याच निरोगी पेटींतील बाहेर येण्याच्या बेतांत असलेला पिलावा त्यावरील तरुण माशांसह द्यावा. याच रीतीनें नासलेल्या विरजणाच्या जागीं नवें लागण्याचा संभव असतो.

६. सातेरीच्या पेटींत मेलिफेराचीं पोळीं किंवा माशा घालूं नयेत. परदेशी मेलिफेरा माशी १९६२ मध्यें पंजाबांत यशस्वी रीतीनें आणण्यांत आली व पुढें देशभर पसरली. दोन्ही जातींचे मुख्य जंतुसमूह एकाच नांवाचे असले, तरी त्यांचे पोटभेद निराळे आहेत. शिवाय एकीचे रोग दुसरीस जडण्याची भीति असते.

७. पाक हें टंचाईंतील अन्न आहे, नित्याचें नव्हे. माशीस व तिच्या आंतड्यांतील जंतूंसहि परागाची आवश्यकता असते. कारखान्यांनीं वेढलेल्या गांवांत ही उणीव विशेष भासते; म्हणून बांधावर व विहिरीच्या कडेला शेवगा, जांभूळ, कडुनिंब, बोर व चिंच लावावी, म्हणजे वर्षांतील बऱ्याच महिन्यांत कांहीं ना कांहीं फुललेलें राहील.

८. फुलोऱ्यावरील पिकावर व बांधावरच्या फुललेल्या तणावर फवारणी करूं नये. अगदीं टळत नसल्यास माशा घरीं परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी व शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशीं कळवावें.

९. पेटीस ताक किंवा माणसांसाठीं बनविलेलीं जंतुयुक्त औषधें देऊं नयेत. मधमाशीचे जंतु तिच्या जातीशीं इतके जुळलेले असतात कीं, परक्या जंतूंनीं तेथें घर करावें असा भरंवसा नाहीं. गांधीलमाशीएवढ्या जाड, केसाळ भुंगेमाशीच्या आंतड्यांतील स्नॉडग्रासेला मधमाशींत रुजत नाहीं, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. मग दह्यांतील जंतूंची गोष्टच नको.

उपसंहार

कांद्याच्या बियाचा हंगाम ठरलेला असतो. माघ-फाल्गुनांत गोंडा फुलतो तेव्हां पेटींत ज्या माशा असतील, त्यांच्यावरच सर्व भिस्त असते. त्या वेळीं धांवपळ करून उपयोग होत नाहीं. कामकरी माशीचें आयुष्य कामाच्या दिवसांत अवघें सहा आठवड्यांच्या आसपास असतें. म्हणजे कार्तिकांत दिसणाऱ्या माशा माघांत नसतात. माघांत कामास येणाऱ्या माशांस त्यांच्या आधींच्या, आणि त्या माशांस त्यांच्याहि आधींच्या पिढीनें विरजण दिलेलें असावें लागतें. मधल्या एका पिढीस आपण औषधानें रिकामें केलें, तर त्याचा फटका दोन महिन्यांनीं पिकास बसतो आणि आपण दोष मात्र हवेस देतों.

या बाबतींत आपल्या भागांतील प्रत्यक्ष अनुभव एकत्र होणें अगत्याचें आहे. म्हणून सभासद बंधूंस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं येत्या कार्तिक, पौष व फाल्गुन या तीन महिन्यांत एकेकदां पेट्या उघडून किती चौकटींवर माशा दाट बसल्या आहेत, तें मोजून टिपावें. त्या अवधींत पेटीस कोणतें औषध दिलें व शेजारीं कोणती फवारणी झाली, तेंहि प्रामाणिकपणें लिहावें. आणि बियाच्या उताऱ्यासह तीं टिपणें मंडळाकडे पाठवावीं. ज्यांचें नुकसान झालें असेल, त्यांनीं संकोच धरूं नये. आमच्या सहा पेट्यांचा हिशेब आम्हीं वर दिलाच आहे.